मॅक २ ची हवा वळणावर ३४ अंशांनी गार पडते, मग ती उष्णता जाते कुठे?

कॉन्कॉर्ड विमान ज्या उंचीवरून उडायचं ती घ्या, साधारण १८ किलोमीटर. तिथे हवेचं तापमान असतं उणे ५६.५ अंश सेल्सिअस. आता विमानात बसून बघितलं तर विमान जागच्या जागी आहे आणि ही गार हवा मॅक २ ने, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाने, सेकंदाला ५९० मीटरने, अंगावर येतेय असं धरता येतं. समजा ही हवा एका सपाट पृष्ठभागाला चिकटून वाहतेय आणि पुढे तो पृष्ठभाग अचानक १० अंशांनी खाली वळला, हवेपासून लांब. हवाही त्याच्यामागे वळते, आणि वळून झाल्यावर तिचं तापमान भरतं उणे ९१ च्या जवळपास. दाब आधीच्या ५५ टक्क्यांवर आलेला असतो. पृष्ठभागापासून ५ सेंटीमीटरवरून जाणाऱ्या हवेला हे सगळं व्हायला फार तर ०.१२ मिलिसेकंद लागतो.

म्हणजे ३४ अंशांची घट, आणि तीही इतक्या कमी वेळात की उष्णता इकडून तिकडे जायला सवडच मिळत नाही, हवेने कोणाला उष्णता दिलेली नाही, मध्ये कुठला फ्रिज नाही, गार भिंत नाही. इंजिनिअरिंगच्या मुलांना हे गणित टेबल बघून सोडवता येतं पण "का" विचारलं की बरेच जण सूत्र पुन्हा म्हणून दाखवतात. माझं म्हणणं असं की हा विषय सूत्राआधी उर्जेच्या हिशोबातून समजून घेतला तर कायमचा डोक्यात बसतो.

आधी हे वळण नेमकं कसं होतं ते बघू. हवेत कुठलीही बातमी आवाजाच्या वेगाने पसरते. विमान आवाजापेक्षा हळू उडत असेल तर पुढे कोपरा आहे ही बातमी उलटी जाऊन मागच्या हवेला पोचते आणि हवा आधीपासूनच हळूहळू वाकायला लागते. सुपरसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान प्रवाहात ते शक्यच नाही, कारण बातमी जितक्या वेगाने उलटी जाणार त्यापेक्षा जास्त वेगाने हवा तिला पुढे ढकलते. त्यामुळे कोपऱ्याचा पत्ता हवेला लागतो तो एका तिरक्या रेषेवर, तिच्या आधी अजिबात नाही. ही मॅक रेषा. मॅक २ ला ती प्रवाहाशी बरोब्बर ३० अंशांचा कोन करते, कारण त्या कोनाचा साइन म्हणजे १ भागिले मॅक नंबर.

या पहिल्या रेषेवर हवा अगदी किंचित वळते, किंचित पसरते, किंचित गार होते. मग लगेच पुढची रेषा, तिथे अजून किंचित. अशा असंख्य रेषा त्या एकाच कोपऱ्यातून निघून पंख्यासारख्या फाकतात म्हणून याला एक्सपान्शन फॅन म्हणतात. आपल्या उदाहरणात पहिली रेषा मूळ प्रवाहाच्या दिशेशी ३० अंशांवर आणि शेवटची साधारण १५ अंशांवर. या पंधरा अंशांच्या पाचरीतून बाहेर पडेपर्यंत हवेचा मॅक नंबर २ वरून २.३८५ झालेला असतो.

आता उर्जा. वाहत्या हवेच्या प्रत्येक किलोकडे दोन खात्यांत उर्जा असते, एक तापमानाची आणि दुसरी वेगाची. तापमानाच्या खात्यात दर अंशामागे साधारण १००५ ज्यूल, आणि वेगाच्या खात्यात वेगाचा वर्ग भागिले दोन. बाहेरून कोणी उष्णता दिली नाही, घेतली नाही, मध्ये टर्बाइन किंवा पंप नाही, तर या दोन्हींची बेरीज बदलूच शकत नाही. आपल्या उदाहरणात वेग ५९० वरून ६४६ मीटर प्रति सेकंद होतो. दोन्हींचे वर्ग करून वजाबाकी करा, निम्मं करा, साधारण ३४,६०० ज्यूल येतात. भागिले १००५, आले ३४ अंश. झाला हिशोब पूर्ण! उष्णता कुठेही गेली नाही, ती त्याच हवेच्या वेगात जमा झाली.

इथे एक गोष्ट निरखून बघा. वेग वाढला फक्त ९ टक्क्यांनी पण मॅक नंबर वाढला १९ टक्क्यांनी. कारण गार हवेत आवाजच हळू चालतो, २९५ मीटर प्रति सेकंदवरून २७१ वर येतो, म्हणजे मॅक नंबरच्या भागाकारात वरचा हवेचा वेगही वाढतोय आणि खालचा आवाजाचा वेगही कमी होतोय. जितका प्रवाह जास्त वेगवान तितकं हे प्रकरण ठळक होत जातं आणि मॅक नंबर वाढण्याचं मोठं कारण वेग नसून थंडी असते.

ज्यांना खात्यांची भाषा कोरडी वाटते त्यांच्यासाठी रेणूंच्या पातळीवर. तापमान म्हणजे रेणूंची अस्ताव्यस्त धावपळ, सगळ्या दिशांनी. फॅनमध्ये शिरलेल्या हवेला पुढच्या बाजूला दाब कमी सापडतो, शेजारची हवा तिच्यापासून लांब सरकत असते. अशा मागे सरकणाऱ्या शेजाऱ्यावर आदळलेला रेणू आदळला त्यापेक्षा हळू परत येतो, जसं बॅट्समनने सॉफ्ट हँड्सने बॅट किंचित मागे घेत बॉल अडवला की तो पायाशीच मरतो. अब्जावधी टकरींमध्ये हेच होत राहतं, अस्ताव्यस्त धावपळ कमी होते आणि तेवढीच भर सगळ्यांच्या मिळून एका दिशेने जाण्यात पडते. थर्मामीटरची भाषा पहिल्या प्रकारच्या धावपळीशी जोडलेली आहे म्हणून आपण म्हणतो हवा गार झाली.

बरेच जण इथे डिओड्रंटच्या कॅनचं उदाहरण देतात, कॅन दाबला की गार लागतं तसंच हे. तसं नाहीये. कॅनमध्ये द्रव असतो आणि त्याची वाफ होताना तो उष्णता खातो, गारवा मुख्यतः तिथून येतो. आणि हवा नुसती एका बारीक भोकातून किंवा अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हमधून कमी दाबाकडे सोडली, आणि पलीकडे तिचा वेग घर्षणात विरून गेला, तर तिचं तापमान जवळपास आधी होतं तेवढंच राहतं. दाब कमी झाला म्हणून हवा गार होते हे अर्धंच खरं आहे, पसरताना तिने काम केलं पाहिजे आणि त्या कामातून मिळालेला वेग टिकला पाहिजे.

शॉक वेव्हशी तुलना केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पृष्ठभाग हवेच्या अंगावर वळला तर सगळं उलट होतं, हवा दाबली जाते, तापते, मंदावते, पण एक मोठा फरक आहे. दाबणाऱ्या लाटा एकमेकींच्या अंगावर चढत जाऊन एकाच पातळ भिंतीत गोळा होतात, रेणूंच्या काही मोजक्या टकरींच्या अंतरात सगळा बदल उरकतो, आणि त्या झटापटीत एन्ट्रॉपी वाढते म्हणजे पुन्हा वसूल न होणारं नुकसान होतं. पसरवणाऱ्या लाटा मात्र एकमेकींपासून लांब जातात. पहिल्या लाटेने हवा गार केली, म्हणून तिच्या मागच्या लाटेला आवाजाचा वेगच कमी मिळतो, ती मागे राहते, तिच्या मागची अजून मागे. फॅन कोपऱ्यापासून जितका लांब तितका रुंद होतो तो यामुळे. बदल इतका हळुवार असतो की एन्ट्रॉपी वाढतच नाही, आणि म्हणून तापमान आणि दाब एकमेकांशी पक्के बांधलेले राहतात. हवेसाठी तापमानाच्या गुणोत्तराचा ३.५ वा घात म्हणजे दाबाचं गुणोत्तर. आपल्या उदाहरणात ०.८४२ चा साडेतीनावा घात करा, ०.५५ येतो.

एकाच पंखावर दोन्ही गोष्टी बघायच्या असतील तर शंकरपाळ्याच्या आकाराचा पातळ पंख घ्या, पुढे ५ अंशांनी वर चढणारा आणि मध्यावरून ५ अंशांनी खाली उतरणारा. मॅक २, तापमान तेच उणे ५६.५. टोकाशी शॉक बसतो आणि हवा उणे ३९ पर्यंत तापते, मॅक १.८२ होतो. मध्यावरच्या शिरेवर एकूण वळण १० अंशांचं, तिथे फॅन फुटतो आणि हवा थेट उणे ७३ ला जाते, मॅक २.१८. मागच्या टोकाला परत शॉक, परत गरम. पंखाच्या पुढच्या अर्ध्या भागावर दाब जास्त आणि मागच्या अर्ध्यावर कमी, म्हणजे पंखाला मागे ओढणारं बळ तयार झालं, आणि हे घर्षण शून्य धरलं तरी शिल्लक राहतं. सुपरसॉनिक विमानांचे पंख इतके पातळ का करतात त्याचं हे एक मोठं कारण आहे.

आता मला या विषयातला सगळ्यात मोलाचा वाटणारा मुद्दा, जो पुस्तकात बहुतेक वेळा पुढच्या कुठल्यातरी प्रकरणात असतो त्यामुळे पहिल्या वाचनात निसटतो. बाहेर हवा उणे ९१ ला गेली म्हणजे विमानाचा पत्रा तिथे गार पडत असणार, असं वाटतं की नाही? पडत नाही. पत्र्याला चिकटलेली हवा पत्र्याबरोबरच असते, तिचा वेग पत्र्याच्या दृष्टीने शून्य, म्हणजे वेगाच्या खात्यातली उर्जा तिथे परत तापमानाच्या खात्यात आलेली असते. पूर्ण परत आली तर जे तापमान मिळतं त्याला स्टॅग्नेशन तापमान म्हणतात आणि आपल्या मॅक २ च्या हवेसाठी ते ११७ अंश सेल्सिअस आहे. फॅनच्या आधीही ११७, फॅनच्या नंतरही ११७, शॉक मध्ये आला तरी ११७. प्रत्यक्षात पत्र्याजवळच्या थरातून थोडी उष्णता बाहेरच्या हवेकडे निसटते म्हणून साधारण नव्वद टक्के वसुली होते.

त्याचा हिशोब करा. पत्रा आतून गार केला नसेल तर फॅनच्या आधी त्याचं तापमान स्थिरावतं साधारण १०० अंशांवर. फॅनच्या नंतर, जिथे बाहेरची हवा ३४ अंशांनी गार झालेली आहे, तिथे ते भरतं साधारण ९६. वायूच्या तापमानात ३४ ची घट आणि भिंतीला जाणवतात जेमतेम तीन-चार अंश! कॉन्कॉर्डच्या नाकाच्या टोकाला १२७ अंश ही मर्यादा ठरवलेली होती आणि उड्डाणात तापून अख्खं विमान काही इंचांनी लांब व्हायचं, बाहेर उणे ५६ असताना. त्यामुळे कोणी "फॅनमधलं तापमान" म्हटलं की आधी विचारावं, कुठलं तापमान? हवेबरोबर वाहत जाणाऱ्या माणसाला जाणवेल ते की भिंतीला जाणवेल ते. आयुष्यभर उपयोगी पडेल असा प्रश्न आहे हा.

यातूनच पुढची अडचण येते. प्रवाहात थर्मामीटर धरला तर तोही एक भिंतच, हवा त्याच्यावर येऊन थांबणार आणि तो शंभरच्या आसपास काहीतरी दाखवणार. उणे ९१ त्याला कधी दिसणारच नाही. मग ही थंडी खरी आहे कशावरून? भिंतीतल्या बारीक छिद्रांतून दाब मोजता येतो आणि त्यावरून तापमान निघतं, हवेच्या घनतेतले फरक टिपणाऱ्या श्लीरेन फोटोत फॅनच्या रेषांचे कोन दिसतात, लेझरने रेणूंची अवस्था थेट वाचता येते. पण सगळ्यात सरळ पुरावा पाण्याने दिला, आणि तो कोणी मागितलेलाही नव्हता.

१९३५ साली रोमला व्होल्टा परिषद भरली होती, वेगवान उड्डाणावर, आणि तिथे जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटलनी सुपरसॉनिक नॉझलचा, म्हणजे आधी अरुंद आणि मग रुंद होत जाणाऱ्या नळीचा, एक श्लीरेन फोटो दाखवला. नॉझलच्या गळ्याच्या थोडं पुढे एक फुलीच्या आकाराचा शॉक दिसत होता, जो तिथे असायला काही कारण नव्हतं. तो हवेतल्या ओलाव्याचा परिणाम निघाला. नॉझलमध्ये पसरताना हवा इतकी गार झाली की तिच्यातल्या वाफेचे धडाधड थेंब झाले आणि तेव्हा सुटलेल्या उष्णतेने प्रवाहात शॉक उभा केला. म्हणजे काचेचा थर्मामीटर ज्या थंडीला बघू शकत नव्हता ती हवेबरोबर वाहत जाणाऱ्या वाफेने बघितली.

तेव्हापासून सुपरसॉनिक विंड टनेलमधली, म्हणजे विमानाच्या मॉडेलवर वेगवान हवा सोडून चाचणी घेतात त्या बोगद्यातली, हवा आधी कोरडी करून घेतात. आकडे बघितले की कळतं का ते. टाकीतली हवा २७ अंशांची असेल आणि ती मॅक ३ पर्यंत पसरवली तर तापमान येतं उणे १६६. मॅक ५ पर्यंत नेली तर उणे २२३, आणि इथे वाफेचा प्रश्नच मागे पडतो कारण खुद्द हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन द्रवरूप व्हायला लागतात. म्हणून हायपरसॉनिक, म्हणजे मॅक ५ च्या वरच्या, टनेलमध्ये हवा आत सोडण्याआधी भरपूर तापवावी लागते, निव्वळ ती शेवटी हवा म्हणून शिल्लक राहावी यासाठी. बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेतला १.२ मीटरचा ट्रायसॉनिक (आवाजापेक्षा कमी, जवळपास तेवढा आणि जास्त अशा तिन्ही वेगांचा) टनेल साधारण मॅक ४ पर्यंतचं काम गेली अनेक दशकं करतोय, आणि तिरुवनंतपुरमला इस्रोचा १ मीटरचा हायपरसॉनिक टनेल मॅक ६ ते १२ साठी आहे. त्या संकुलाला सतीश धवन यांचं नाव दिलंय आणि ते अगदी योग्य आहे, इस्रोचे अध्यक्ष म्हणून आपण त्यांना ओळखतो पण त्याआधी ते मुळात याच विषयातले संशोधक, शॉक आणि भिंतीजवळचा थर यांच्या झगड्यावर त्यांनी अमेरिकेत कॅलटेकला काम केलं आणि परत येऊन भारतीय विज्ञान संस्थेत सुपरसॉनिक टनेल उभे केले.

लढाऊ विमानाभोवती जो पांढरा ढगाचा शंकू दिसतो, फोटो सगळ्यांनी बघितलेला असतो, तोही याच थंडीचा. दमट हवा विमानाच्या फुगीर भागावरून पसरते, दवबिंदूच्या खाली जाते, थेंब होतात, आणि शॉक आला की हवा परत तापते आणि ढग एका सरळ रेषेत कापल्यासारखा संपतो. त्याला ध्वनीची भिंत फुटल्याचा क्षण म्हणून शेअर करतात पण तसं काही नाही, विमान मॅक १ च्या थोडं खाली असतानाही तो दिसतो. पावसाळ्यात मुंबईला उतरताना पंखावर जो पांढरा पदर दिसतो त्याचंही कारण पसरून गार होणं हेच, मात्र तिथे वेग आवाजापेक्षा खूप कमी म्हणून फॅन वगैरे नाही.

हे सगळं गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते थिओडोर मायरने, १९०८ साली, गॉटिंगेनला प्रांटलच्या हाताखाली केलेल्या पीएचडीच्या प्रबंधात. त्याच प्रबंधात तिरक्या शॉकचंही गणित आहे. विमानं तेव्हा जेमतेम उडायला लागली होती, सुपरसॉनिक उड्डाण जवळपास चाळीस वर्षं लांब होतं, आणि आजही विद्यार्थी वापरतात ती प्रांटल-मायर टेबलं याच कामातून आलेली आहेत. वापरायची पद्धत सोपी. सुरुवातीच्या मॅकसाठी टेबलात एक कोन दिलेला असतो, मॅक २ साठी २६.३८ अंश. त्यात वळणाचे १० मिळवा, ३६.३८ आले, तो कोन ज्या मॅकसमोर आहे तो तुमचा नवीन मॅक. मग १ अधिक मॅकच्या वर्गाचा पाचवा भाग, हे दोन्ही मॅकसाठी काढा आणि आधीच्याला नंतरच्याने भागा, १.८ भागिले २.१३८, आलं ०.८४२. मात्र तापमान केल्विनमध्येच घ्या, सेल्सिअसमध्ये गुणाकार केला तर सगळंच चुकतं.

हे वळण कुठवर नेता येतं? मॅक १ पासून सुरुवात केली तर हवेसाठी टेबल १३०.४५ अंशांना संपतं. तिथे कागदावर तापमान निरपेक्ष शून्य आणि मॅक नंबर अनंत. वेग मात्र अनंत होत नाही, कारण तापमानाच्या खात्यात जेवढं होतं तेवढंच वेगाच्या खात्यात जाणार. आपली ११७ अंश स्टॅग्नेशनवाली हवा कितीही पसरवली तरी सेकंदाला ८८५ मीटरच्या पुढे जाऊच शकत नाही. रॉकेटवाले आधी इतकं प्रचंड तापवतात ते याचसाठी. स्पेस शटलच्या मुख्य इंजिनात ज्वलन साधारण ३,३०० अंश सेल्सिअसला व्हायचं आणि नॉझलमधून बाहेर येईपर्यंत वायू निम्म्याहून जास्त गार होऊन सेकंदाला जवळजवळ ४,४०० मीटरने धावायचा. हायड्रोजन जाळल्यामुळे तो वायू हलका होता आणि दर किलोमागे हवेपेक्षा खूप जास्त उष्णता धरून होता, त्याचाही यात मोठा वाटा.

नॉझलच्या बाहेर पडल्यावरही फॅन वायूची पाठ सोडत नाही. अवकाशात बाहेरचा दाब शून्य, त्यामुळे नॉझलच्या काठावरून वायू अजून वळतो. हवेसारखा वायू मॅक ४ ने बाहेर पडला तर हिशोबाने तो आणखी साधारण ६५ अंश वळू शकतो. पण ज्वलनातून आलेल्या गरम वायूसाठी सूत्रातला हवेचा १.४ चा आकडा (स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) बदलून १.२५ च्या आसपास घ्यावा लागतो आणि मग त्याच मॅक ४ ला उत्तर येतं ९९ अंश. नव्वदच्या वर म्हणजे वायू चक्क उलटा, यानाच्या दिशेने. उपग्रहावर छोटे थ्रस्टर, म्हणजे त्याला ढकलणारी आणि वळवणारी छोटी इंजिनं, बसवताना इंजिनिअर हे तपासतात, कारण तो उलटा आलेला विरळ, अतिशय गार वायू सोलर पॅनेलवर किंवा कॅमेऱ्याच्या लेन्सवर जाऊन बसू शकतो, म्हणून थ्रस्टर कुठे आणि कोणत्या कोनात लावायचा हे या फॅनचं गणित समोर ठेवूनच ठरवावं लागतं.